रिव्हॉल्वर आणि आत्याबाईंचे मोकळे हात

तीर्थरूप मामंजींच्या पायांशी,

तुम्ही होता तेव्हा मी तुमच्यासमोर कधी तोंड उघडलं नाही, आणि आता तुम्ही नाही तर कागद घेऊन बोलायला बसलेय. हसू नका. काल दिवेलागणीला जे झालं ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. तुमच्या चिरंजिवांना कळवायचं तर पत्र सरहद्दीवर पोचणार कधी आणि उत्तर येणार कधी? शिवाय जे विचारायचंय ते तुम्हालाच विचारायचंय. तुमच्या हुकमाशिवाय ते होणार नाही, असं आत्याबाईंनी, म्हणजे तुमच्या कारभारणीनं, मला सकाळीच सांगून टाकलंय.

आधी एक सांगते, ते ऐकून उठून बसाल. तुमच्या घरात रिव्हॉल्वर आलंय. हो, खरंच! आणि परवाना तुमच्या सुनेच्या नावावर आहे.

तुम्ही गेलात आणि तुमची दुनळी बंदूक ठाण्यात जमा झाली. भिंतीवर नुसता खिळा राहिला. दुष्काळाच्या सालापासून चोऱ्यामाऱ्या वाढल्यात हे तुम्हाला ठाऊकच होतं, पण तुम्ही सोप्यात बसलेले असलात की आम्हा बायकांना त्याचं काही वाटायचं नाही. थंडीत कॅनॉलपलीकडच्या मळ्यात दरोडा पडला. म्हातारा-म्हातारीला बाजेला बांधलं, म्हातारीच्या गळ्यातलं ओरबाडून नेलं. कुत्र्याला आधीच विषाची भाकरी घातली होती, ते भुंकलंच नाही. तेव्हापासून मामंजी, माझी झोप गेली. चहूबाजूंनी ऊस आणि मधे आम्ही दोघी! उसाचं वाळलेलं पाचट वाजलं तरी उठून दाराची कडी बघते. दिवसासुद्धा विहिरीवर जाताना मी मागं वळून बघते.

हे रजेवर आले, माझी दशा बघितली आणि परवान्याच्या मागे लागले. कचेरीतला कारकून म्हणाला, ‘बाईच्या नावानं?’ हे म्हणाले, ‘घरात बाईच ऱ्हाती, मी न्हाई.’ तुमचाच मुलगा तो. पुढच्या रजेत परवाना हातात आला आणि आम्ही सांगलीला गेलो.

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं आणि एक चकचकीत, इवलंसं पिस्तूल काढलं. ‘बाईमाणसाला हेच बरं, फौजी. पाकिटात मावतंय.’ खालून गोळ्यांची पेटी काढून म्हणाला, ‘झालं रिकामं.’ ह्यांनी मान हलवली. ‘न्हाई हो. नळीत एक बसलेली असली तर ती आतच ऱ्हाती.’ मला खेचून बघायला सांगितलं. ते वरचं लोखंड माझ्या बोटांना हलेना, आणि आत गोळी आहे की नाही हे बाहेरून काही कळेना. मामंजी, त्या दुकानात मला तुमची खंडेनवमी आठवली.

माझा पहिलाच दसरा होता. हत्यारांची पूजा मांडलेली. पाटावर दुनळी ठेवायच्या आधी तुम्ही ती मधे वाकवून उघडलीत, दोन्ही नळ्यांतून उजेड बघितलात, आम्हाला दाखवलात, आणि मग वळून देवीलाही दाखवलात. आत्याबाई म्हणाल्या, ‘आवं, देवीला कशाला दावताय?’ तुम्ही म्हणालात, ‘देवीम्होरंबी रिकामंच ठेवायचं. भरलेल्या हत्याराला देव कळत न्हाई आन् माणूसबी कळत न्हाई.’

म्हणून मी ह्यांना हळूच म्हटलं, उघडून दाखवता येईल असं काही नाही का? मग दुकानदारानं मागच्या कपाटातून एक जुनं विलायती रिव्हॉल्वर काढलं. मूठ जरा झिजलेली, पण उघडलं की सहाची सहा घरं डोळ्यांसमोर. रिकामं तर रिकामं, भरलेलं तर भरलेलं. हे म्हणाले, ‘जड हाय गं.’ मी म्हटलं, ‘घागर उचलते की रोज.’ तेच घेतलं. दुकानदार मात्र शेवटपर्यंत त्या चकचकीत पिस्तुलाकडंच बघत होता.

रजेचे उरलेले दिवस हे मला गावाबाहेरच्या जुन्या खाणीत न्यायचे. तिथं क्लबाचे लोक नेमबाजी करतात. शिकवणारे उस्ताद तुमच्यासारखेच पेन्शनीतले हवालदार. त्या सगळ्या पुरुषांत मी एकटी, पदर कमरेला खोचून उभी! पहिला बार काढला तेव्हा डोळे गच्च मिटले होते. उस्ताद म्हणाले, ‘डोळं मिटून कुनाला मारतीस, पोरी?’ मला रडूच आलं. पण हळूहळू कागदाला भोकं पडायला लागली. उस्तादांचं एकच पालुपद होतं. ‘बोट चापाभायेर. म्होरं कोन हाय ते कळल्याबिगर बोट आत जायाचं न्हाई. आदी हाक, मग हत्यार.’ आणि ते मला हाक मारायला लावायचे. इतक्या माणसांत माझा आवाज कुठला निघायला! ‘नेम बसला गं तुजा,’ ते म्हणायचे, ‘आवाज कवा बसायचा?’

हाक म्हटलं की मला तुमचीच आठवते. दिवे लागले की तुम्ही सोप्यात बाजेवर बसायचात आणि वस्तीकडं कुणी यायला लागलं की आख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडायचात, ‘थांब! हुकुमदार?’ पलटणीत पहाऱ्यावर ‘कोण येतंय?’ असं विचारायची ही रीत; पलटण सोडून किती काळ लोटला तरी पहारा काही सुटला नाही तुमचा. आणि लोकही कसे सवयीचे झाले होते! दूध न्यायला येणारा ‘फ्रेंड’, म्हणजे आपलाच माणूस, असं म्हणायचा. कासारीण लांबूनच गलका करायची, ‘फरेन हाय जी, फरेन! बांगड्या आनल्यात!’

मी नवी नवरी. घागर घेऊन येत होते आणि तुमची हाक आली. सासऱ्याला उत्तर कसं द्यायचं? पाय तिथंच रुतले. तुम्ही पुन्हा ओरडलात. शेवटी मी मोकळा हात हलवला आणि बांगड्या वाजवल्या. तुम्ही जरा थांबलात आणि म्हणालात, ‘पास!’ तेव्हापासून तेच माझं उत्तर. आत्याबाईही उसातून आल्या की ‘घरच्या मानसांलाबी हुकुमदार!’ असं पुटपुटत बांगड्या वाजवायच्या. त्यांच्या बांगड्या रागानं वाजायच्या, माझ्या भीतभीत. तुम्हाला दोन्ही बरोबर ओळखू यायच्या.

आता कालचं ऐका.

आत्याबाई अंग मोडून आलंय म्हणून घोंगडीवर पडल्या होत्या, निदान मला तसंच वाटत होतं. मी दिवा लावला आणि चुलीशी बसले. मागच्या बाजूला पाचट वाजलं. वारा असेल म्हणून गप्प राहिले. पुन्हा वाजलं, आणि ते वाऱ्याचं नव्हतं, पावलाचं होतं. आपलं कुत्रं भुंकेना! मला ती विषाची भाकरी आठवली. कमरेची किल्ली काढून ट्रंक उघडली, गोळ्या भरल्या. दोन तर खाली सांडल्या. मागच्या दारात जाऊन उभी राहिले.

बांधापाशी ऊस हलला आणि कुणीतरी बाहेर आलं. डोक्यावरून पांघरलेलं, वाकलेलं, सरळ माझ्याकडं येणारं. मामंजी, मी दोन्ही हातांनी ते धरलं होतं. बोट बाहेर, बोट बाहेर, असं मनात म्हणत होते, पण ते कधी चापावर गेलं मला कळलं नाही. हाक मारायची होती. तोंड उघडलं, आवाज नाही! आणि हात असे लटलट कापायला लागले की बांगड्यांचा खळखळाट झाला.

ती आकृती थांबली.

‘शालन, व्हय गं? आगं, मी हाय. दिवा लावाय गेल्ते.’

आत्याबाई होत्या! शेताच्या कोपऱ्यात जिथं तुम्हाला अग्नी दिला त्या दगडापाशी दिवा लावायला. मी एकटीनं जायचं नाही म्हणते, म्हणून मला चुकवून गेल्या होत्या. मी उंबऱ्यावर बसले. रिव्हॉल्वर उघडलं आणि गोळ्या ओटीत पाडल्या, एकेक घर बोट घालून बघितलं, पुन्हा बघितलं. आत्याबाई शेजारी येऊन टेकल्या. त्यांना काय होणार होतं ते कळायला जरा वेळ लागला. मग म्हणाल्या, ‘कुत्रं भुंकलं न्हाई, मंजी घरचंच मानूस, एवढंबी कळंना व्हय गं तुला?’

मी विषाच्या भाकरीचं सांगितलं. त्या एकदम म्हणाल्या, ‘आता माज्या गळ्यात घुंगूर बांद म्हशीवानी!’ आणि आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता मला हुंदका आला. कारण माझं लक्ष त्यांच्या हातांकडं गेलं होतं.

तुम्ही गेलात त्या दिवशी बायकांनी आत्याबाईंच्या बांगड्या उंबऱ्यावर फोडल्या. काचा मीच वेचल्या. तेव्हापासून ही बाई घरात, गोठ्यात, उसात आवाज न करता फिरतेय, आणि मला हे इतक्या दिवसांत सुचलं नाही. बांगड्या वाजल्या असत्या तर मी ट्रंकेकडं गेलेच नसते! तुम्ही आम्हाला पहारा देत होता खरा, पण तुमच्यामागं आत्याबाईंनी ‘फ्रेंड’ कशानं म्हणायचं, याचा विचार तुम्ही तरी केला होता का?

सकाळी मी म्हटलं, ‘आत्याबाई, शनिवारी कासारीण येईल. तुम्ही बांगड्या भरा.’

त्या अशा बघायला लागल्या की जणू मी शिवी दिली. ‘रांडव बाईनं हातात काच घालायची? भावकी काय म्हनंल?’

‘भावकी राखणीला येते का आपल्या?’

‘न्हाई येत.’ मग मोकळ्या मनगटावरून हात फिरवला. ‘तुजं खरं हाय, पोरी. मलाबी काल लय भ्या वाटलं. पन त्येंनी सांगितलं आसतं, तर घातल्या आसत्या. त्येंचा हुकूम कुटं हाय?’

म्हणून हे पत्र, मामंजी. मला हुकूम हवाय.

रिव्हॉल्वर परत करावं असं रात्रभर वाटत होतं. पण ते दरोडेखोर अजून मोकळेच आहेत, आणि रोज दिवेलागण व्हायची ती होणारच. ते घरात नसलं तरी भीती, असलं तर जास्तच भीती. शेवटी ठरवलं, राहू दे. पण आधी हाक शिकायची. आज गोठ्यात म्हशीसमोर उभी राहून ओरडून बघितलं, ‘हुकुमदार?’ पहिल्यांदा नुसतं चिरकलं, म्हशीनं कानसुद्धा हलवला नाही. पुन्हा ओरडले. तेव्हा आतून आत्याबाई म्हणाल्या, ‘कोन वराडतंय गं?’ म्हणजे आवाज आतपर्यंत पोचला!

ह्यांचं पत्र आलं की मी ते आत्याबाईंना मोठ्यानं वाचून दाखवायची आणि तुम्ही सोप्यातून ऐकायचात, आठवतं? तुमच्याशी बोलायची माझी तेवढीच एक वाट होती. हे पत्रही तसंच वाचणार आहे, आज दिवे लागायच्या आत. तुमची बाज सोप्यात आहे तिथंच आहे. बांगड्यांचं आलं की मी थांबेन. पत्रातलं काही पटलं नाही की तुम्ही खाकरायचात, तसं खाकरा. खाकरला नाहीत तर मी तो हुकूम समजेन, आणि आत्याबाईंनाही समजायला लावीन.

माझं वचन घ्या. उत्तर ऐकल्याशिवाय माझं बोट चापावर जाणार नाही. ते हत्यार खंडेनवमीला देवीसमोर उघडून, रिकामं दाखवूनच पाटावर ठेवीन. दिव्याला आता दोघी मिळून जाऊ. आणि कधी त्या पुढं, मी मागं राहिले, तर दारात उभी राहून तुमचीच हाक मारीन, चिरकली तरी मारीन. उसातून आत्याबाईंच्या बांगड्या रागानं वाजतील. मग तुमच्या दगडापर्यंत ऐकू येईल असं मी ओरडेन, ‘पास!’

तुमची सून,
शालन