रानरेड्यासाठी काडतुसं

३ जून
दुपारी दांदेच्या रानातल्या शिकारी छावणीवर पोचलो. ट्रकमध्ये मक्याच्या पिठाच्या पोत्यांवर बसून आलो, कंबर पार मोडली. पण मन प्रसन्न आहे. वीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, फळ्यावर वेगाची आणि वजनाची गणितं सोडवली. आता तीच गणितं खऱ्या बंदुकांवर करायला मिळणार.

मुख्य शिकारी रुसिके. परदेशातले पाहुणे शिकारीला येतात, त्यांना हे सांभाळतात. माझ्याकडे शस्त्रखोली. कोणत्या जनावराला कोणती बंदूक आणि कोणतं काडतूस, ते मी निवडून द्यायचं. बंदुका तीन, नावं नळीच्या मापावरून: तीनशे पंच्याहत्तर, हलकी, सिंह-बिबट्यापुरती. चारशे अठ्ठावन्न, पाचशे ग्रेन वजनाची गोळी. आणि चारशे सत्तरची दुनळी, जिला रुसिके ‘म्हातारी’ म्हणतात. म्हणाले, “मास्तर, सिंहाला गोळी लागली की तो जखमी होतो. रानरेड्याला लागली की त्याला फक्त तुमचा पत्ता कळतो.”

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी आधी माझं देवक विचारलं. मी सोको सांगितलं, माकड. खरं न्याती आहे, म्हणजे रानरेडा. आपल्या देवकाला मारायचं नसतं, म्हणून रुसिके न्याती देवकाच्या माणसांना शस्त्रांजवळ उभं करत नाहीत. मला नोकरी हवी होती. शिवाय मी मारणार नाही, फक्त निवडणार. निवडणं म्हणजे मारणं का? मला वाटतं, नाही.

माग काढणारा मुनेत्सी खरा सोको. त्याने मिठीच मारली. देवक एक म्हणजे भाऊ. “आता तुम्ही माझे दादा!” मग स्वयंपाकघरातल्या बाईंना ओरडून म्हणाला, “आमाई शुपिकाई, भुईमूग लपवा, माकडं दोन झाली!” त्या आतूनच म्हणाल्या, “एक होतं तेच झेपत नव्हतं.”

९ जून
चारशे अठ्ठावन्नची साठ टणक काडतुसं तपासली. प्रत्येकाचं वजन घेतलं आणि गोळीच्या उघड्या भागावर सुईने आकडा कोरला. माझ्या सातला मधे आडवी रेघ असते, शाळेतली सवय. रुसिके हसले, पण थांबवलं नाही. त्यांचा नियम: रानरेड्याला पहिली गोळी मऊ टोकाची, ती आत जाऊन फुलते. पुढच्या सगळ्या टणक, त्या हाडं फोडून जातात.

मुनेत्सीने नदीतला मासा भाजून आणला. धाकटा भाऊ मला कधी नव्हता.

१४ जून
आज पहिला रानरेडा पडला. पाहुण्याने मऊ टोकाची एकच गोळी झाडली, टणक गोळीची गरजच पडली नाही. तरी कातडं सोलताना खांद्याजवळ एक टणक गोळी सापडली. जेमतेम बोटभर आत अडकलेली, जराही वाकलेली नाही. धुतली. तिच्यावर १७ कोरलेलं आहे. सातला आडवी रेघ.

पेटी उघडली. सतरा नंबरचं काडतूस जागेवर आहे, न झाडलेलं. दोन्ही भिंगाखाली ठेवून पाहिली. अक्षर एकच आहे.

रुसिके म्हणाले, कुणाची तरी जुनी गोळी असेल, ओरखडे काय, कसेही दिसतात. असेलही. मी थकलो होतो.

१९ जून
सतरा बाजूला ठेवावं असं वाटलं. मग विज्ञान शिकवलेल्या माणसाला हे शोभतं का, असंही वाटलं. पाहुण्याला तेच दिलं.

तीस पावलांवरून बरोबर खांद्यावर लागली. मुनेत्सी सांगतो, आवाज मांसात शिरल्याचा नव्हता, बंद दार ठोठावल्याचा होता. रेडा वळला आणि पाहुण्याला सोडून नेमका मुनेत्सीवर आला. बरगडीला शिंग चाटून गेलं. शेवटी रुसिकेंनी म्हातारीने त्याला पाडलं. पट्टी बांधताना तो हसत होता. म्हणे, “दादा, तुमची गोळी त्याला गुदगुल्या करून आली.”

मला हसू आलं नाही.

२३ जून
आज आणखी एक रेडा पडला; त्याच्या कातड्याखाली दोन टणक गोळ्या. २२, २३. पेटीत दोन्ही काडतुसं आहेत, न झाडलेली.

गोळ्या आणि ती दोन काडतुसं नदीत फेकली. मग वाटलं, उरलेल्यांचं काय? तीही सगळी फेकली. रुसिकेंना सांगितलं, ओल लागली होती. हे माझं दुसरं खोटं.

रानरेड्यासाठी आता म्हातारीच. हिची गोळी रुंद, दणका मोठा. गणित माझ्या बाजूने आहे.

२६ जून
चारशे सत्तरच्या काडतुसांची नवी पेटी आली. कारखान्याचं सील मी स्वतः तोडलं. आकडे घालायचे नाहीत असं ठरवलं होतं.

आकडे घातलेले आहेत. एकसष्टपासून. माझ्या अक्षरात.

२७ जून
रुसिकेंना सगळं सांगितलं. मी न्याती आहे, काडतुसांना माझा हात लागायला नको, दुसऱ्याला निवडू द्या. ते हिवतापाने अंथरुणात आहेत. कण्हतच म्हणाले, “मास्तर, भीती वाटली की देवक बदलता? उद्या मासा व्हाल.”

मुनेत्सीलाही सांगितलं. त्याला राग आला नाही, वाईट वाटलं. “दादा, मी एवढा जड झालो का, की भाऊपण मोडायला ही गोष्ट रचलीत?”

खरं बोललो तर कुणी ऐकत नाही. खोटं पहिल्याच दिवशी ऐकलं होतं.

३० जून, सकाळ
काल पाहुण्याने एक रेडा जखमी करून सोडला. ओढ्याकाठच्या काटेरी रानात शिरलाय. तिथेच गावातल्या बायका पाणी भरतात, त्यामुळे मागे जाणं भाग आहे. रुसिके उठू शकत नाहीत. मुनेत्सी जाणार. सोबत मीच, दुसरा कुणी नाही.

दोघांसाठी मीच निवडलं. त्याला चारशे अठ्ठावन्न, रुसिकेंच्या उशाखालची चार काडतुसं, ज्यांना मी कधी हात लावला नव्हता. पण बंदुकीत भरण्यासाठी त्याच्या हातात तर मीच दिली.

माझ्याकडे म्हातारी.

दुपार
लिहितोय कारण दुसरं काही करता येत नाही. मी वारुळावर. मुनेत्सी चाळीस पावलांवर मोपानेच्या झाडावर, पाय मोडलेला. त्याच्या चारही गोळ्या लागल्या. चारही वेळा तोच आवाज — दार ठोठावल्याचा.

रेडा झाडाखाली. टक्कर देतोय. खोड बारीक आहे.

मी दोन्ही नळ्या झाडल्या. एकसष्ट, बासष्ट. कातड्यावर धूळ उडाली, बस.

तो इकडे आला. मी हललो नाही. नाक माझ्या गुडघ्याला टेकवलं. ओलं, गरम. शिंगाखालचे डोळे — राग नव्हता त्यांत. घरच्या माणसाला ओळखावं तसं पाहिलं आणि परत गेला. झाडाकडे.

मला काहीच करणार नाही तो. मला नाही.

पुन्हा भरली. त्रेसष्ट, चौसष्ट. मधे उभा राहिलो, हात पसरले — शिंग न लावता मला बाजूला सारलं, हळूच, आणि —

खोड कडकडलं. मुनेत्सी ओरडतोय, दादा मारा, दादा मारा ना. भरलेली बंदूक मांडीवर आहे. पाच पावलं. झाडली तर लागणार आहे, आणि काही होणार नाही, हे मला —

झाड वाकलं. मुनेत्सी अजून मला दादाच —