एक हिवाळा कोटाशिवाय

विलमार, मिनेसोटा
२० ऑगस्ट १९९४

ती. लव्हॉनताईस ड्वेनचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि ते तू कबूल करत नाहीस, म्हणून हे पत्र. घर विकलं. लगेच ओरडू नकोस, पुढे वाच. त्याऐवजी चाकांवरचं घर घेतलंय. मोटारीच्या मागे आकड्याला अडकवतात तसलं नव्हे. ह्याचं नाक थेट पिकअपच्या हौद्यात येऊन बसतं. हौद्यात एक लोखंडी ताट, त्या ताटात जबडा, आणि नाकाखालचा जाडजूड खुंटा त्या जबड्यात अडकतो. दुकानदार ह्याला फिफ्थ व्हील म्हणतो. मी अजून नीट वळायला शिकतोय.

कारण तुला ठाऊक आहेच. अर्लिसचं सगळं आयुष्य क्रीमरीच्या शीतघरात लोणी बांधण्यात गेलं, भर जुलैतसुद्धा अंगावर तो राखी लोकरीचा कोट. आता फुप्फुसं संपावर गेलीत. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. बरं व्हायचं नाही म्हणाले, पण ॲरिझोनाच्या कोरड्या उबेत एक हिवाळा श्वास सोपा जाईल. घरी येताना गाडीत ती एवढंच म्हणाली की एक हिवाळा कोटाशिवाय काढायचाय, मग काय व्हायचं ते होऊ दे. तिने जन्मात माझ्याकडे काही मागितलेलं नाही, ताई. मग मी घर विकलं.

रविवारी प्रार्थना आटोपली की चर्चच्या आवारात गाडी मागे घेण्याचा सराव करतो. ती मागे उभी राहून हाताने खुणा करते. नियम तिचाच: आरशात मी दिसेनाशी झाले की आहेस तिथे थांबायचं, मागून कुणी कितीही हॉर्न वाजवू दे. पाद्रीबाबांचं गुलाबाचं झुडूप गेलं, बाकी प्रगती उत्तम आहे.

लोभ आहे तसा राहू दे.
तुझा धाकटा, ड्वेन


डेकोरा, आयोवा
२९ ऑगस्ट

चि. ड्वेन यास अ. आ.

पत्र पोचलं. ओरडले, आणि घसा दुखेस्तोवर ओरडले, तेव्हा कुठे पुढे वाचलं. अरे, बाबांचा ट्रॅक्टर तू तळ्यात घातला होतास आणि वर तळंच मध्ये आलं म्हणालास. तू घर ओढणार?

चेष्टा पुरे. माझ्याकडे खालच्या मजल्यावरची खोली रिकामी आहे. खुब्याचं हाड मोडल्यापासून मी जिने चढत नाही, त्यामुळे शेगडी दिवसभर खालीच चालू असते. अर्लिस इथे राहील. ॲरिझोनाएवढं ऊन नाही, पण भिंती जमिनीत रोवलेल्या आहेत. निघायचंच असेल तर सप्टेंबरातच नीघ, थंडी कुणासाठी थांबत नाही. आणि कुणाला तरी विचारून शीक. विचारल्याने पुरुषाचं काही कमी होत नाही.

अर्लिसला जप. पत्र टाकायचा आळस करू नकोस.
तुझी ताई, लव्हॉन


प्लॅट नदीकाठचा तळ, नेब्रास्का
१४ ऑक्टोबर

ती. वन्संना अर्लिसचा सा. न. वि. वि.

हे लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहितेय. आमचा अपघात झालाय. इजा कुणालाच नाही, घाबरू नका.

निघायलाच उशीर झाला. मला मध्ये ताप आला होता. इथे एक रात्र मुक्काम करून सकाळी हे पिकअपला घराची जोडणी करत होते. चाकांवरच्या घरांच्या अशा तळांवर एक रीत आहे. माणूस जोडणीला लागला की त्याच्याशी कुणी बोलत नाही, साधं गुड मॉर्निंगसुद्धा नाही. आम्ही नवखे, आम्हाला कुठली माहीत? शेजारचा मर्लिन नावाचा गृहस्थही आमच्याइतकाच नवखा. तो कॉफीचे दोन पेले घेऊन आला, आणि तोही मिनेसोटाचा निघाला! आता तुम्हीच सांगा, आपल्याकडचा माणूस हातातलं काम करत कॉफी आणणाऱ्याशी तुटक बोलेल का? दोघांच्या ओळखीचं कुणीतरी निघेपर्यंत सुटका नसते. शेवटी ह्यांच्या शाळेतल्या एका मास्तरांचा पुतण्या निघाला, तेव्हा दोघांचा जीव भांड्यात पडला.

जबडा मिटला की घराचे पुढचे लोखंडी पाय जमिनीला टेकलेलेच ठेवून गाडी हळूच ओढून बघायची असते. खुंटा अडकला असेल तर सुटत नाही. त्या बोलण्याच्या नादात तेवढंच राहिलं. यांनी पाय वर घेतले, गाडी पुढे काढली आणि अख्खं घर हौद्यावर कोसळलं. हौद्याच्या भिंती चेपल्या, ताट वाकलं, घराचं नाक फाटलं. मर्लिन रडला. हे त्याचीच समजूत घालत बसले, तुमचं कुठे काय चुकलं म्हणून.

सुटे भाग यायला वेळ आहे म्हणतात. हे रोज गावातल्या गॅरेजात जातात आणि येताना मान खाली घालून येतात. वन्सं, मी यांना एका शब्दानेही बोललेले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

माया असू द्या.
तुमची, अर्लिस


डेकोरा
२१ ऑक्टोबर

चि. सौ. अर्लिस हिस अ. आ.

तो डबा तिथेच टाका आणि विमानाने जा. नाहीतर इकडे या, माझी लेक गाडी घेऊन येईल. हा हट्टाचा वेळ नाही, पोरी. त्याला मी लिहिलं तर तो ऐकणार नाही, म्हणून तुला लिहितेय. तू सांग. तुझं तो ऐकतो.

वाट पाहते.
लव्हॉन


प्लॅट नदीकाठ
१९ नोव्हेंबर

ती. वन्संना सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राचं उत्तर लांबलं. बसून लिहिलं की धाप लागते. इथल्या डॉक्टरांनी विमान वर्ज्य सांगितलंय, आणि गाडीतून तुमच्याकडे पोचेपर्यंतही माझा धीर टिकेलसं वाटत नाही. खरं सांगू का, मला यायचंही नाही. मी तुमच्याकडे आले तर तुमचे बंधुराज उरलेला जन्म असंच म्हणतील की मी तिला पोचवू शकलो नाही. इथे निदान रोज सकाळी म्हणतात, उद्या भाग येतील.

बर्फ पडलं. पाण्याचे पाइप गोठून फुटले, तर तळावरच्या लोकांनी घराच्या चहूबाजूंनी पेंढ्याच्या गासड्या रचल्या. मर्लिन दक्षिणेला गेला नाही. आमचं घर जागचं हलेपर्यंत तोही हलणार नाही म्हणे. त्याची बायको एक दिवसाआड भट्टीत भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश आणून देते. माझ्या घशाखाली दोन घास उतरतात, ती बघत असेल तर तीन.

हे झोपले की मी तो राखी कोट अंगात घालते आणि सकाळी ते उठायच्या आत खुंटीवर टांगते. त्यांनी पाहिलेलं नाही. तुम्हीही लिहू नका.

आठवण ठेवा.
अर्लिस


प्लॅट नदीकाठ
११ जानेवारी १९९५

ती. ताईस ड्वेनचा नमस्कार.

तुझ्या लेकीने तुला सगळं सांगितलंच असेल. अर्लिस नाताळच्या आधी गेली, इथेच, गादीवर, सकाळी. खिडकीत ऊन होतं. बाहेर सगळं गोठलेलं, पण ऊन होतं.

तू बोलावते आहेस ते कळलं. प्रयत्न केला. तिला विलमारला नेऊन परत आलो तर पिकअप दुरुस्त होऊन उभा होता. काल जोडणी केली. माझं सगळं आटोपेपर्यंत तळावरची माणसं आपापल्या दारात उभी होती आणि कुणी तोंडातून शब्द काढला नाही. मर्लिन टोपी हातात घेऊन उभा होता. पाय टेकलेलेच ठेवून हळूच ओढून पाहिलं. पक्कं बसलं होतं. इतकं सोपं आहे ते, ताई. लहान पोरालासुद्धा जमेल.

पुढे बर्फाचा ढीग होता, म्हणून आधी जरा मागे घ्यायला हवं होतं. सवयीने आरशात पाहिलं. मर्लिन धावत मागे गेला, हात हलवायला लागला. मला तो चांगला दिसत होता. तरी ब्रेकवरचा पाय उचलला नाही. मागे कुणी हॉर्नही वाजवत नव्हतं. बराच वेळ बसलो, मग इंजिन बंद केलं आणि जोडणी सोडली. आता माझी वाट बघू नकोस. कुठे जायचं होतं ते तिला जायचं होतं. मला कुठेच जायचं नव्हतं.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही, ती तुला सांगतो. विलमारची जमीन दगड झालीय. बर्फ वितळल्याशिवाय खड्डा खणता येत नाही, तोवर तिला दफनभूमीच्या दगडी कोठीत ठेवलंय. मला आत जाऊ दिलं. शीतघरच आहे ते. रविवारचा निळा झगा घालून ठेवली होती तिला, पातळ बाह्यांचा. मी परत गाडीकडे गेलो, कोट आणला आणि माझ्या हातांनी तिला घातला. गळ्यापर्यंत बटणं लावली.

तुझी माया असू दे.
ड्वेन