इतिहासाचं खोकं आणि गावाचं दप्तर

टॉलब्रुक, मॅसॅच्युसेट्स
ता. १७ एप्रिल

तीर्थरूप ऑगस्टाआत्यास,

वेंडेलचा नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे वाकवेल तेवढं वाकून, उरलेलं मनाने). तुमचा गुडघा कसा आहे? तिकडे मेन राज्यातला बर्फ वितळला का, की तुम्ही अजून मांजराला घेऊन स्वयंपाकघरातच मुक्काम ठोकून आहात? मांजराला माझा आशीर्वाद. ते मला ओळखत नाही हे ठाऊक आहे, पण मागच्या भेटीत ते मला चावलं होतं, तेव्हा अगदीच परकं म्हणवत नाही.

पत्राला उशीर झाला त्याचं कारण म्हणजे शाळा समितीने पाठवलेलं खोकं. आमच्या पाचवीच्या वर्गात अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास शिकवायला यंदा तयार संच आला. हे खोकं समितीचे अध्यक्ष होरेस विगिन यांनी स्वतः वर्गात आणून ठेवलं आणि त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. आत पुठ्ठ्याच्या चोवीस तीनकोनी टोप्या (सगळ्या एकाच मापाच्या, आणि ते माप आजवर कुणा माणसाच्या डोक्याचं असेल असं वाटत नाही), जोडायचं एक जहाज (शिडाशिवाय), रंगवायची चित्रं आणि माझ्यासाठी शिक्षक-पुस्तिका. पुस्तिकेत मी काय बोलायचं ते तर होतंच, पण मुलं काय बोलतील तेही छापलं होतं. ‘येथे विद्यार्थी उत्साहाने हात वर करतील.’ सत्तावीस वर्षं शिकवतोय, आत्या. ज्या वाक्यावर विद्यार्थी उत्साहाने हात वर करतात असं एकच वाक्य मला माहीत आहे, ते म्हणजे ‘सर, बाथरूमला जाऊ?’

तरी मी प्रामाणिकपणे तीन दिवस टोप्या वाटल्या आणि गोळा केल्या. चौथ्या दिवशी टॅमसिन नावाच्या मुलीने हात वर केला (उत्साहाने नव्हे, संशयाने) आणि विचारलं, “सर, ही जहाजातली माणसं यायच्या आधी इथे कोण राहायचं?” मी पुस्तिका उघडली. तिथे लिहिलं होतं: ‘हा विषय पुढील वर्षीच्या संचात आहे.’

टॅमसिनची आजी ऑलिव्ह वॅमसली. तुम्हाला आठवत असेल, पोस्टात होती. निपमक, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी जमातीतली बाई. त्या मुलीला ‘तुझी माणसं पुढच्या वर्षीच्या खोक्यात आहेत’ असं सांगायला माझी जीभ रेटेना. तेव्हा मी शुक्रवारी सगळा वर्ग रांगेने गावाच्या कचेरीत नेला, तळघरातलं १६९० पासूनचं गावसभेचं दप्तर उघडून घेतलं आणि पानांच्या प्रती काढून आणल्या.

मला वाटलं होतं, ते जुनं अक्षर बघून मुलं रडतील. उलट ती खूश झाली. त्या काळी शुद्धलेखन नावाचा प्रकार नव्हता. एका ओळीत डुक्कर तीन वेळा आलं तर तीन प्रकारे लिहिलेलं. माझ्या वर्गाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्यातलं भेटलं. आठ दिवसांत ती घडाघडा वाचायला लागली.

आणि डुकरं तर पानोपानी! आपले पूज्य संस्थापक (ज्यांनी, पुस्तिकेच्या म्हणण्यानुसार, ‘स्वातंत्र्याची ज्योत’ इथे आणली) यांनी लागोपाठ अकरा वर्षं गावसभेत डुकरांवर चर्चा केली आहे. कुणाचं डुक्कर कुणाच्या मक्यात गेलं, डुकरांवर लक्ष ठेवायला माणूस नेमावा का, नेमलेल्या माणसावर लक्ष कुणी ठेवावं. मधूनमधून प्रार्थनाघरात पुढच्या बाकावर कुणी बसायचं यावरून भांडण, की पुन्हा डुकरं.

इथवर सगळं गमतीत चाललं होतं. पण मग मुलांना कॅप्टन इझिकेल विगिन सापडले. तेच ते, चौकातल्या पुतळ्यातले, हातात तलवार असलेले, होरेसचे पूर्वज. दर चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, होरेस त्यांच्यावर वीस मिनिटं बोलतो. दप्तरात लिहिलंय की धुक्यातल्या एका सकाळी कॅप्टननी शत्रू आला म्हणून आरोळी ठोकली, अख्खं गाव दुपारपर्यंत प्रार्थनाघरात दडून बसलं, कॅप्टननी मक्यात एकट्याने गोळ्या झाडल्या, आणि धुकं विरल्यावर थँकफुल नावाच्या विधवेची डुकरीण मेलेली सापडली. सभेने ठराव केला की उरलेल्या उन्हाळ्यात कॅप्टनना दारू देऊ नये. (बंदुकीची. दुसरीबद्दल वेगळा ठराव आहे.)

हे घरोघरी जेवणाच्या टेबलांवर पोचायला एक संध्याकाळ लागली. सकाळी पुतळ्याच्या पायाशी कुणीतरी मातीचं छोटं डुक्कर ठेवलं होतं. नऊ वाजता होरेस माझ्या वर्गाच्या दारात.

“वेंडेल, मंजूर नसलेलं साहित्य वर्गात आलंच कसं?”

“अरे, ते गावाच्या स्वतःच्या दप्तरातलं आहे.”

“गावाचं असेल. मंजूर कुठे झालंय?”

ठरलं असं की समितीचे सभासद आधी ते कागद स्वतः वाचतील आणि मगच निर्णय देतील. पाच जणांनी प्रती घरी नेल्या. आठवड्याने पाचही जणांनी परत आणल्या. समितीतले आमचे दातांचे डॉक्टर तर शेवटपर्यंत पान उलटं धरून होते. ‘भाषा आक्षेपार्ह वाटते’ असा अभिप्राय मात्र त्यांनी दिला. शेवटी समितीने ठराव केला की कागद वाचता येणाऱ्या व्यक्तींना बोलावून घ्यावं. आणि आत्या, सगळ्या टॉलब्रुकमध्ये अशा व्यक्ती तेवीस. मी, आणि दहा वर्षांची बावीस मुलं.

शनिवारी सकाळी दहाला सभा. एवढी गर्दी चार जुलैलाही नसते. मुलांनी डुकरीण वाचली, बाकांचं भांडण वाचलं, लोक डोळे पुसेपर्यंत हसले. होरेसही कसंनुसं हसला. मग टॅमसिन उठली. तिने कोणतं पान निवडलंय हे मलाही माहीत नव्हतं.

ते १६९४ सालचं खरेदीखत होतं. धबधब्याजवळची जमीन सेरा नावाच्या निपमक बाईने गावाला विकली, पण एका अटीवर: तिने आणि तिच्यामागे तिच्या मुलाबाळांनी धबधब्यावर मासे धरावेत, कुणी अडवू नये, कायमचं. सहीच्या जागी तिने एक मासा काढलाय. टॅमसिनने ते सावकाश वाचलं, कागद खाली ठेवला आणि समितीकडे बघून विचारलं, “हे ‘कायमचं’ कधी संपलं?”

आता तो धबधबा होरेसच्या तंबूंच्या सहलवाडीत आहे. भोवती काटेरी तार, ‘खाजगी मालमत्ता, प्रवेश बंद’ अशी पाटी. होरेस सावरून म्हणाला, “बाळ, हे फार जुनं आहे गं. आज कोण जातंय तिथे मासे धरायला?”

“मी जाते,” मागून ऑलिव्ह म्हणाली. “दर वसंतात. बत्तीस वर्षं झाली.”

“मग पाटी दिसली नाही तुला?”

“दिसते की. कोट तिच्यावरच अडकवते. खिळा चांगला ठोकलायस.”

छत उडेल एवढा हशा झाला. ऑलिव्ह हसली नाही. ती म्हणाली, “होरेस, मी काट्यांतून वाकून येते. माझी आईही तशीच यायची. घरी गेल्यावर मासे साफ करताना दार लावून घ्यायची. तिला वाटायचं, आपण चोरी करतोय. तिला हा कागद कुणी वाचून दाखवला नाही.”

 मी कचेरीवरून रोज चालत शाळेत जातो. सत्तावीस वर्षं गेलो. ते तळघर तिथेच होतं, कुलूपही नव्हतं. मी खाली मान घालून बसलो आणि माझ्यासारखी आणखी बरीच माणसं बसली होती.

तात्पर्य काय, तर समितीने तीन ठराव केले. खोकं सक्तीचं राहील. जुने कागद फक्त शुक्रवारी, आणि ‘हस्ताक्षराचा सराव’ या नावाखाली वापरता येतील. मला लेखी ताकीद. (ताकीदपत्रात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. मुलांनी लाल शाईने सुधारून परत पाठवलं.) पण पुढच्या मंगळवारी मी धबधब्याकडे गेलो तर तार कापलेली, पाटी काढलेली आणि तिथे एक साधं लाकडी फाटक, कुलपाशिवाय. दुकानात होरेस भेटला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, “तशीही ती तार गंजलीच होती.” मी म्हटलं, “गंजलीच होती.” त्या दिवशी त्याच्या ब्रेडचं पुडकं मी गाडीपर्यंत नेऊन दिलं. ऑलिव्ह आता सरळ वाटेने जाते. तक्रार एकच, कोट अडकवायला जागा उरली नाही.

तब्येतीला जपा. लोणी कमी खा असं डॉक्टर म्हणाले होते, ते ऐकत नसालच, निदान ऐकल्याचं कळवा.

तुमचा लाडका (तुम्ही म्हणायचात म्हणून)
वेंडेल प्रॉक्टर

ता. क. – एक किरकोळ गोष्ट राहिली. दप्तरात १७११ सालची चार पानं नाहीत. त्यांच्या जागी एक चिठ्ठी आहे: ‘बांधणीसाठी नेली आहेत, लवकरच परत करीन. ऑगस्टा प्रॉक्टर, जून १९६१.’ बांधणी झाली असल्यास पाठवून द्यावीत. ती धबधब्याची जमीन गावाकडून विगिनांच्या हाती कशी गेली, ते त्याच साली ठरलं होतं म्हणतात.

ता. क. दुसरं – १७११ साली गावाचे चिटणीस आपलेच पूर्वज जोसाया प्रॉक्टर होते, हे मला आत्ता पाकीट चिकटवताना आठवलं. तेव्हा एवढी काही घाई नाही. कागद तुमच्या माळ्यावरच असणार, पण माळ्याचा जिना मोठा अवघड आहे आणि तुमच्या गुडघ्यापेक्षा चार जुने कागद मोठे नाहीत. कागद उंदीरही खातात. कुणी दोष देणार नाही.

ता. क. तिसरं – चिठ्ठी टॅमसिनने माझ्या आधीच वाचली होती. मुलांची बावीस पत्रं याच टपालाने तुम्हाला येत आहेत. ‘आजींना अक्षर लागत नसेल तर आम्ही येऊन वाचून दाखवू’ असा वर्गाचा ठराव झाला असून शाळेची बस मिळाली आहे. नऊ मे, सकाळी अकरापर्यंत पोचू. माळा सगळी मुलं चढतील, तुम्ही फक्त दार उघडा.