काचेला धरलेली पदवी

शिरोळ, चैत्र वद्य ४, शके १८४१

तीर्थरूप सयाजीमामांस, भाची सगुणाचा साष्टांग नमस्कार.

ज्या पाण्याने साबुदाण्याची पापडी काचेवरून सुटते, त्याच पाण्याने पदवीचा कागद काचेला का धरतो? मी बी.ए. झाले, तरी मला सांगता येत नाही. तुमचा गुडघा कसा आहे?

झाले ते असे. आक्का (आई माझी, पण बहीण तुमचीच!) दरवर्षीप्रमाणे कोल्हापुरात माडीवर धोतर अंथरून पापड्या घालत होती. वाळल्या की धोतर उलटायचे, मागून पाणी शिंपडायचे आणि पापडी सोलायची, ही तिची रीत. मला ती रानटी वाटली. (धागे पोटात जातात, मामा! आणि धोतर आण्णांचे!) गुळगुळीत काचेवर पापडी धरणारच नाही, असे मी सगळ्यांना ठणकावून सांगितले. घरात काच एकच, माझ्या पदवीच्या चौकटीची. ती उन्हात आडवी ठेवून मी वर बारा पापड्या घातल्या.

संध्याकाळी एकही निघेना. चिडून तांब्याभर पाणी ओतले. पापड्या सुटल्या, पण पाणी फटीतून आत गेले आणि पदवी आतून काचेला चिकटली. ती मला सोमवारी शिरोळच्या मुलींच्या शाळेत दाखवायची होती, नाहीतर मास्तरीण म्हणून दुसरीच कोणी लागणार! आक्का म्हणाली, "ओली हाय तवर उचल गं. वाळली की धरती." मी तिला समजावले की पाण्यानेच चिकटली आहे, तेव्हा पाणी उडाले की आपोआप सुटेल.

सकाळी कागद काचेचाच झालेला! शेजारच्या झुंबरबाई गल्लीभर ओरडल्या, "शिकल्याली पोर काचंत घावली की!" आण्णा (बाप म्हणून माझी बाजू घ्यायची सोडून) खोकल्याचे निमित्त करून हसले. आणि त्या विद्यापीठाला काय म्हणावे? चार वर्षे रोमन बादशहांच्या सनावळ्या घोकून घेतल्या, चिकटण्यावर एक धडा नाही!

काच मांडीवर धरायला आक्का बैलगाडीतून शिरोळला आली. शाळेच्या पंचांचे अध्यक्ष जोतीरामराव म्हणाले, "कागद मोकळा करून दावा, बाई. पदवी का चित्र, कसं कळावं?" आक्काने चौकटीची मागची फळी काढली, पदराचे टोक भिजवून कागदाच्या पाठीवर दाबले आणि पंचांना दटावले, "घटकाभर गप बसा. घाई केली तर फाटंल." पाच पागोटी गप बसली, मामा! मग कोपरा धरून तिने अख्खी पदवी सोलली. सही जरा पसरली, पण जागा मला मिळाली. ओला कागद सुटतो कसा, असे पंचांनी विचारले तर म्हणते, "ते हिला इचारा. शिकल्याली ती हाय."

आपली,
सगुणा

ता. क. आक्का दोन दिवसांत परत येईल, अशी आण्णांची समजूत आहे. तुम्ही कोल्हापुरास जाऊन ती दूर करावी आणि त्यांना भाकरी थापायला शिकवावे.

ता. क. दुसरा. आक्काचे नाव मी काल माझ्या शाळेत पहिलीच्या पटावर चढवले. वय बेचाळीस, खरे तेच लिहिले आहे.