पेंटरबाईंचं कुलूप

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आता कसे आहेत? भाओजींना डॉक्टरांनी पथ्य सांगितल्याचं तू लिहिलंस, ते पाळतात असं मात्र कुठे लिहिलं नाहीस. मी खुशाल आहे. (जरा ओलसर आहे, पण खुशाल.)

तू बाजारात माझ्या कुलूपदुरुस्तीसाठी गाळा बघून ठेवलास आणि बजावलंस, की समुद्राकाठच्या एवढ्या मोठ्या शहरात राहण्याचे फायदे-तोटे सरळ लिहून कळव, नाहीतर गाशा गुंडाळून घरी ये. तोटे आधी सांगतो, म्हणजे तुझा राग थोडा उतरेल. इथे काही वाळत नाही. सदरा धुऊन टाकला की तो सुकायच्या बेतात येतो, तेवढ्यात समुद्रावरून वारा येतो आणि त्याचा बेत बदलतो. काडेपेटी पेटत नाही, बिस्किटं मऊ पडतात. खोली एवढीशी, की आळोखेपिळोखे द्यायचे तर आधी दार उघडावं लागतं. आणि गंज तर विचारू नकोस. पण लोकांची कुलपं गंजतात म्हणून माझी चूल पेटते, तेव्हा हा तोटा धरायचा की फायदा, ते तूच ठरव.

सकाळी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून निघतो तेव्हा धुकं असतं. इमारतींचे वरचे मजले त्या वेळी नसतातच. बंदरात भोंगा वाजतो, कुठलं जहाज सुटलं ते दिसत नाही, आणि मला वाटत राहतं की सुटलो ते आपणच, रस्ता, दिव्याचे खांब, पाववाला, सगळे हळूहळू कुठेतरी निघालो आहोत. मग मी कठड्याला टेकून उभा राहतो. (तोवर ज्याचं दार अडलेलं असतं तो बिचारा आत बसतो. परवा एका वकिलांनी बंद दाराआडून माझा यथेच्छ उद्धार केला, मग दार उघडल्यावर चहा दिला.)

पण खरं घोडं पेंड खातंय ते एका कुलपापाशी. माझ्या मागच्या गल्लीत दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरबाई राहतात. एकट्याच असतात. (खारा वारा रंगही खातो, तेव्हा त्यांचंही पोट समुद्रावरच.) त्यांच्या दाराचं कुलूप दर आठवड्याला अडतं. मी ते खोललं, घासलं, तेल दिलं, शेवटी नवंकोरं पितळी बसवलं. शेजारच्या दारांची जुनी कुलपं लोण्यासारखी फिरतात आणि हे पुन्हा ढिम्म. वाऱ्याला दोष द्यावा, तर दार जिन्याच्या आतल्या अंगाला, वारा तिथे पत्ता विचारत आला तरी पोचायचा नाही. मी उंबऱ्याशी बसून खुडबुड करतो, आत त्या अक्षरं रंगवत असतात, टर्पेंटाइनचा वास येतो, आणि मधूनच विचारतात, "आज वेळ लागेल ना?" मी म्हणतो, लागेल. आणि ताई, लागतोच. मला तिथे फार बरं वाटतं, हे तुला सांगून टाकतो.

पण बाबांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला एक कुलूप दाद देत नाही म्हणजे काय! ते धड केल्याशिवाय हे शहर सोडणं मला शोभत नाही. आणि धड झालं, तर पुन्हा त्या दाराशी कुठल्या तोंडाने जायचं, तेही सुचत नाही.

भाओजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. गाळा सोडू नकोस. धरूनही ठेवू नकोस.

दुसरा ता. क. खरं काम असं, की तू चार दिवस इकडे ये. हवापालट होईल. आल्यावर पेंटरबाईंशी सहज बोल. सहज म्हणजे, माहेरी कोण कोण असतं, पुढचा काय विचार आहे, असं. माझ्याच्याने होत नाही. माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही, म्हणून पाकिटावर पत्ता त्यांच्याकडूनच घालून घेणार आहे. पत्र आत घडी करून ठेवलंय. त्या वाचणार नाहीत, त्या तशा नव्हेत.

तिसरा ता. क. (वेगळं अक्षर बघून दचकू नका.) ताईंना नमस्कार. पाकीट उघडं होतं, आणि मी तशीच आहे. कुलपात तुमच्या भावाचा काही दोष नाही. मी दर आठवड्याला त्यात मिठाचं पाणी घालते. त्यांच्या आपण होऊन लक्षात येईल म्हणून वाट बघितली, पण हा माणूस आणखी तेलच देत बसलाय. तुम्ही जरूर या. आणि त्यांना घेऊनच जायचं ठरवलं असेल, तर एक विचारायचं होतं. तुमच्याकडे समुद्र नाही असं ते सांगतात. मीठ मिळतं ना?