शेवटची चार पानं

ठमे,

तू जन्मलीस त्या वर्षी मी अक्षरं गिरवायला बसले, म्हणून वाचनात आपण दोघी चौदा वर्षांच्याच. तुझ्या वयाच्या मुलांची पुस्तकं मला गोड लागतात, त्याला इलाज नाही. माझी धाकटी बहीण फोनवर चिडवायची, "ताई, गुडघे वाजायला लागले आणि तू अजून पोरांच्या गोष्टी वाचतेस?"

संध्याकाळी एकच प्रकरण, तेही दोघींनी मिळून, असं आपलं ठरलं होतं. ते मी मोडलं. तू शाळेत गेलीस की मी पुढचं वाचायचे आणि खुणेचा दोरा होता तिथे परत ठेवायचे. संध्याकाळी तुझ्यासमोर "अगंबाई!" म्हणायचे, ते सगळं सोंग होतं.

आज आपल्या पुस्तकातली ती होडीतली पोरं किनाऱ्याला लागत होती. शेवटची चार पानं उरली होती. बहिणीच्या घरून दोनदा फोन वाजला. एवढं संपवून बोलू म्हणून मी उचलला नाही. पुस्तक मिटून मी फोन केला तेव्हा भाची रडत होती. "मावशी, आई सारखी म्हणत होती, ताईला फोन लाव."

मी तिकडे निघाले आहे. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. तुझ्या आईला सांग, मी आठवडाभर येणार नाही. पुस्तकाचं उरलेलं तू वाच, माझ्यासाठी थांबू नकोस.

माझी बहीण आज दुपारी सव्वातीन वाजता गेली.

– आजी