आतलं पाणी

२४ सप्टेंबर २००५, शनिवार

पोचलो बुवा ॲन आर्बरला! अमेरिकेतल्याच डब्लिनहून निघताना गाडीत एवढं सामान कोंबलं होतं की आरशात मागचा रस्ता दिसत नव्हता, नुसता कुकर दिसत होता. घर मात्र झकास आहे. गल्लीभर मेपलची झाडं, कोपऱ्यावर बसचा थांबा, सायकलींवरून पळणारी कॉलेजची पोरं. आणि दारात स्वतः डॉक्टर हेमचंद्र काका, हातात पळी घेऊन. फोडणी करता करता तसेच बाहेर आले होते.

मराठी मंडळाच्या मेलवर त्यांनी लिहिलं होतं, वरच्या दोन खोल्या द्यायच्या आहेत, कुटुंब असल्यास उत्तम. आम्ही कुटुंबच आहोत, फक्त निम्मं सध्या नागपुरात आहे. व्हिसाचा शिक्का बसला की नोव्हेंबरात रेणू आणि अनया येतील. काका म्हणाले, चार वर्षांचं पोर घरात बागडेल, अजून काय पाहिजे.

काका भूलतज्ज्ञ होते. जन्मभर अमेरिकनांना झोपवलं आणि आता मलाच झोप येत नाही, असं स्वतःच सांगून हसतात. सुहासिनी काकू मार्चमध्ये कॅन्सरने गेल्या. हॉलमध्ये त्यांचा फोटो आहे, हार नाही. मी हात जोडले तर काका म्हणाले, फोटोला कशाला, शी इज अराउंड. एकटं पडलेलं माणूस असं बोलतं. मला गलबलून आलं.

ही वही रेणूच्या हुकमावरून. मी फोनवर धड काही सांगत नाही, म्हणून रोजचं लिहायचं, ती आल्यावर वाचणार. तर बाईसाहेब, आमटी उत्तम होती. तुझ्यापेक्षा उत्तम म्हणण्याइतका मी वेडा नाही.

२८ सप्टेंबर, बुधवार

आज माझी चांगलीच फजिती झाली. मागच्या अंगणात उंच कुंपणाआड पुरुषभर वाढलेली झाडं दिसली. पानं पाहून मी हरखलो आणि काकांना म्हटलं, अहो, अमेरिकेत अंबाडी! भाकरीबरोबर भाजी करू. काका खुर्चीत बसून इतके हसले की डोळे पुसायला लागले. अंबाडी नव्हे रे गुरुनाथ, गांजा आहे तो.

काकांनी शांतपणे सांगितलं. केमोनंतर काकूंच्या पोटात अन्न ठरत नसे. याचे वाळवलेले तुरे तुपात उकळून ते तूप चमचाभर दिलं की त्या दोन घास वरणभात खायच्या. औषध म्हणून चालेल, असं गावाने गेल्या वर्षीच मतदान करून ठरवलंय. सरकारचा मोठा कायदा वेगळं म्हणतो, ते सोड. पण काकू तर गेल्या, मग यंदा का लावली? काका म्हणाले, तिचं औषध संपून चालणार नाही.

माझा व्हिसा कंपनीच्या हातात. एका पानापायी परतीचं तिकीट हातात पडेल. घर बदलावं असं मनात आलं. पण ज्यांना काका म्हटलं, ज्यांच्या ताटात दोन्ही वेळ जेवलो, त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

१ ऑक्टोबर, शनिवार

झाडं कापली. काकांची बोटं थरथरतात, म्हणून छोटी कात्री माझ्या हातात आली. तुऱ्यांमधली पानं छाटायची, बोटांना डिंकासारखा चीक लागतो, पाण्याने जात नाही. मग फांद्या उलट्या करून बेसमेंटमध्ये दोऱ्यांना टांगायच्या. मला वाटलं होतं, पापड-कुरडयांसारखं उन्हात टाकू. काका ओरडलेच. ऊन लागलं की सगळं फुकट. अंधार, गारवा आणि जरासा वारा. खिडक्यांवर काकूंच्या सुती साड्या लावल्यात. कोपऱ्यात डीह्युमिडिफायर घुरघुरतो आणि हवेतला ओलावा खालच्या बादलीत जमा करतो.

घाई करायची नाही, हे सूत्र. वरून कोरडं वाटतं तेव्हा आत पाणी असतं. मग बरणीत भरायचं की आतलं पाणी हळूहळू वर येतं. रोज थोडा वेळ झाकण उघडायचं, श्वास घेऊ द्यायचा, पुन्हा बंद. असं करत करत आतलं सगळं पाणी बाहेर काढायचं. काकूंची लोणच्याची शिस्तच इथे चालते. पाण्याचा थेंब खाली न्यायचा नाही, ओल्या हाताने बरणीला शिवायचं नाही.

फडताळात त्यांच्या चिनी मातीच्या बरण्या आहेत, नागपूरकडच्याच, पांढऱ्या-पिवळ्या. एकीवर फडकं बांधलेलं होतं. मी विचारलं, लिंबाचं का? काका म्हणाले, ती सुहासिनी. नदीत सोडायला मन झालं नाही. इथे कोरडी आहे, शांत आहे.

३ ऑक्टोबर, सोमवार

सर्वपित्री. ऑफिसला निघण्याआधी बाबांच्या नावाने काळे तीळ घालून पाणी सोडलं. मग काकू आठवल्या. त्यांना मूलबाळ नाही, काका देवाधर्माचं काही करत नाहीत, म्हणजे गेल्यापासून त्या बाईला कुणी ओंजळभर पाणी दिलेलं नाही. फार वाईट वाटलं. काका फिरायला गेले होते. भांडंभर पाणी घेऊन खाली गेलो, बरणीपुढे पाण्यात तीळ सोडले, काकूंचं नाव घेतलं आणि भरलेलं भांडं तिथेच ठेवून आलो. पाणी खाली न्यायचं नाही, हे माहीत होतं. पण आपल्यात तहानलेल्याला पाणी नाही म्हणत नाहीत.

४ ऑक्टोबर, मंगळवार

भांडं रिकामं होतं. आत थेंब नाही, तीळसुद्धा सुकून तळाला चिकटलेले. सांडलेल्या पाण्याचा डागही नाही. कोरड्या हवेत उडालं असेल म्हणावं, तर एका दिवसात भांडंभर?

काकांना खरं ते सांगून टाकलं. चिडतील वाटलं होतं. ते रडायला लागले. माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "तिने पाणी घेतलं? गुरू, आर यू शुअर? तिने स्वतः घेतलं?"

९ ऑक्टोबर, रविवार

तुरे बरण्यांत भरले. आता बेसमेंटमध्ये ओलं असं काहीच टांगलेलं नाही. तरीही डीह्युमिडिफायरची बादली भरलेली होती. काका ती मोरीत ओतत नाहीत. काकूंच्या बरणीत ओततात. एवढीशी बरणी, पण बादली रिकामी होते आणि बरणी ओसंडत नाही. मी बघत उभा राहिलो. अंगावर काटा आला आणि मग आपोआप गेला.

माझे ओठ फुटलेत. इकडच्या थंडीने होतं, असं ऑफिसातला राजेश म्हणाला.

१२ ऑक्टोबर, बुधवार

दसरा. काकांनी श्रीखंड केलं होतं. जिभेवर पिठासारखं लागलं. पाण्याशिवाय घास उतरत नाही आणि पाणी कितीही प्यालो तरी लघवीला जावं लागत नाही. रेणूला फोनवर हे सांगितलं नाही, सणाच्या दिवशी काय सांगायचं. अनयाने विचारलं, बाबा, बर्फ पडला का? मी नाही म्हटलं. ती खूप बोलली. मला आनंद व्हायला हवा होता.

२० ऑक्टोबर, गुरुवार

वरची हीटिंग बिघडली, म्हणून काकांनी माझी गादी खाली बेसमेंटमध्ये घातली. खाली गार आहे, अंधार आहे. बरं वाटतं. बादली आता रोज काठोकाठ भरते. आज ती उचलून मीच नेली आणि ओतता ओतता कळलं की हे पाणी कुणाचं आहे. वजनकाट्यावर उभा राहिलो. काटा शाळकरी पोराच्या वजनावर थांबला.

काकांना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, तू तिला जागं केलंस, आता तिला तहान लागते. तुला दुखणार नाही, तेवढं मी बघतो, ते तर माझं कामच. मग तुऱ्यांचं तूप घातलेलं दूध दिलं. मी प्यालो. नको म्हणायला हवं होतं. आता लिहिताना ते सुचतंय.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

ऑफिसला कळवलं, घरून काम करतो. करत काहीच नाही. काका सकाळी येतात, जिन्याचं दार उघडतात, थोडा वेळ पंख्याने वारा घालतात, मग दार लावतात. कडी लावत नाहीत. मी मनात आणलं तर जाऊ शकतो. मनात येत नाही.

आज काकांनी बरणी जवळ आणून दाखवली. राख ओली आहे, भिजवलेल्या कणकेसारखी. तिच्यात बोटांचे ठसे आहेत. आतल्या बाजूने.

१ नोव्हेंबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. वर पणत्या लावल्या असाव्यात, तेलाचा वास येतो.

रेणूचा फोन आला. व्हिसा मिळाला. तिकिटं काढली, अठराला जवळच्या डेट्रॉइटला उतरतील. काका न्यायला येणार, तसं त्यांच्याशी बोलणंही झालंय. ती आनंदाने रडत होती. मला फक्त तिचं नाक ओढणं ऐकू येत होतं आणि मी विचार करत होतो, केवढं पाणी.

मग कळलं, आपण काय विचार केला ते. त्यांनी इथे येता कामा नये. हे एवढं एक पक्कं लिहून ठेवतो, म्हणजे विसरणार नाही. रेणू आणि अनया या घरात येता कामा नयेत.

६ नोव्हेंबर

फोन लावला. तोंडातून आवाज निघाला नाही, नुसतं खरखरलं. रेणू म्हणाली, लाइन खराब आहे हो, आता भेटूच की. ठेवला तिने.

लॅपटॉप उघडला. येऊ नकोस, एवढं टाइप केलं. पाठवायचं तर टचपॅडला माझं बोटच कळत नाही. फुंकर घातली, अंगठा चाटला, पण जीभसुद्धा कोरडी. टॅब-एंटर दाबूनही पाठवता आलं असतं. नंतर लक्षात आलं. तोवर काकांनी लॅपटॉप वर नेला होता, प्रेमाने, डोळ्यांना त्रास होईल म्हणून.

११ नोव्हेंबर

जिन्यापर्यंत गेलो. पहिल्या पायरीवर बसलो. दार उघडंच होतं, स्वयंपाकघरातला उजेड दिसत होता. उठायचं होतं, अनयासाठी उठायचं होतं. तिचा चेहरा आठवला, नीट आठवला, पण त्याने आत काही हललं नाही. आधी नुसतं नाव काढलं तरी छाती भरून यायची. ते कुठे गेलं? तेही बादलीत?

काकांनी उचलून परत आणलं. एका हाताने उचललं.

१५

कातडीचा आवाज होतो. कूस बदलली की — पानं चुरल्यासारखा.

बरणीवरचं फडकं काढून ठेवलंय. काका तिच्याशी बोलतात. उत्तर येतं का, माहीत नाही. ते थांबतात, मग हसतात. सुखी दिसतात. मला त्यांचा राग यायला हवा —

१७

उद्या. सांगायचं आहे. कुणाला —

राजेश दारापर्यंत येऊन गेला. काकांनी त्याला सांगितलं, गुरू भारतात गेलाय. काही तरी आपटायला हवं होतं. ऐकत पडून राहिलो.

१८

वर पावलं. छोटी पावलं, धावणारी. बॅगांची चाकं. रेणूचा आवाज — केवढं मोठं घर, काका.

काका सांगतायत, बाबा खाली विश्रांती घेतोय. आधी दूध घ्या —

दूध घेऊ नकोस रेणू. लिहितोय. म्हणता येत नाही —

ती नको म्हणाली. आधी यांना भेटते, म्हणाली. शहाणी बाई.

जिना. दोघी. अनयाने मला ओळखलं नाही. रेणूने ओळखलं आणि तोंडावर हात धरला. अनया मोठ्याने रडायला लागली. काका मागे उभे. रडू दे तिला, म्हणतायत, रडू दे —

अनया जवळ आली. कोण शिकवतं पोरींना हे? घाबरली होती तरी आली. माझा डावा हात घेतला आणि गालाला लावला. गाल ओला —

लागलं मला. ओलं लागलं. गार. किती दिवसांनी काही तरी वाटलं. माझी अनू, माझी पोर, हे वाटलं, छातीत, पहिल्यासारखं. जीव आला बोटांत.

हात काढून घ्यायला हवा. काकूंची नाही ही तहान, माझी आहे —

रेणू ओढतेय तिला. म्हणतेय, सोडा, अहो हात सोडा तिचा. अनयाचं रडणं बारीक झालं. घसा कोरडा पडलाय तिचा. सोडतो. एवढं जरासं, मग सोड